दुसऱ्या वाक्याची वाट

मित्रांनो, ज्याच्या अंगावर हजारो वाक्यांचा आरंभ झाला आणि ज्याने एकाही गोष्टीचा शेवट पाहिला नाही, असा मी एक जुना लाकडी फळा आहे. लिंबागणेशहून पाटोद्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक गाव लागते. त्या गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या ओसरीवर, दोन खिळ्यांच्या आधाराने, मी माझे आयुष्य काढले. शाळेतला फळा नात्याने माझा भाऊ. पण त्याच्या वाट्याला बाराखडी आली आणि माझ्या वाट्याला गावाचे पोट. खत आले, बियाणे आले, सभा तहकूब झाली, धान्य उद्या मिळेल, असे सगळे गावाला आधी माझ्याकडून कळे.

सोसायटी स्थापन झाली त्या वर्षी सिदू सुताराने कडुलिंबाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. कोळसा आणि घेवड्याचा पाला वाटून त्याने माझे अंग काळे केले आणि उन्हात वाळवले. काम चोख होते. मात्र मधल्या जोडात केसाएवढी फट राहिली. त्या फटीत खडूची भुकटी बसे आणि ती कोणत्याही फडक्याने निघत नसे. सिदूला हा दोष वाटला. मला तो दोष वाटत नाही. पुसलेले सगळेच नाहीसे होत नाही, एवढे तरी त्या फटीमुळे मला समजले.

माझ्यामुळे गावात एक रीत पडली. अंगणात उभे राहायचे, फळा वाचायचा, आणि ज्यासाठी आलो ते आले नसेल तर तिथूनच परत फिरायचे. ओसरी चढून विचारावे लागे ते वाचता न येणाऱ्यांना. आणि विचारणाऱ्याला आतल्या मंडळींकडून एखादा टोमणा ऐकावा लागे. म्हणून अंगणातूनच वाचून परत जाणारा माणूस मान वर करून जात असे, मग तो रिकाम्या हाताने का जाईना.

आता बहात्तर सालच्या दुष्काळाकडे येतो. ते सांगितल्याखेरीज माझी कथा पुढे सरकणार नाही.

त्या वर्षी त्रिंबक सोसायटीत नवा कारकून म्हणून लागला होता. अक्षर वळणदार, वाचनाचे वेड दांडगे आणि वय जेमतेम बावीस. बीडहून धान्याची गाडी यायची ती आज येईल की उद्या, हे कुणालाच ठाऊक नसे. 'आज धान्य आले नाही' हे वाक्य त्याला इतक्या वेळा लिहावे लागले की पुढे पुढे त्याने ते पुसणेच सोडले. रोज पुसायचे आणि रोज तेच लिहायचे, यात त्याला अर्थ दिसेना. मित्रांनो, त्या वेळी मलाही दिसला नव्हता.

एका मंगळवारी भर सकाळी गाडी आली. वाटप मागच्या गोदामातून सुरू झाले. गोदामाचे दार दुसऱ्या गल्लीत असल्याने पुढच्या अंगणात चिटपाखरू नव्हते. धांदलीत त्रिंबकाला माझी आठवण राहिली नाही. मी कालचेच वाक्य अंगावर घेऊन उभा होतो.

अशा वेळी नदीपलीकडच्या बौद्धवस्तीतून बायनाबाई आली. सोबत आठ बाया होत्या. खडी फोडण्याच्या कामावरून अर्धा दिवस सोडून त्या आल्या होत्या. बायनाबाई त्याच वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली होती. वस्तीतल्या बायांत ती पहिली. ती अंगणात माझ्यासमोर उभी राहिली, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले: "आज धान्य आले नाही." एकही अक्षर अडखळले नाही. ओसरी न चढता त्या नऊ जणी परत फिरल्या. त्यानंतर जे निरक्षर आले त्यांनी रिवाजाप्रमाणे वर चढून विचारले, त्यांना मागच्या गल्लीत पाठवण्यात आले आणि त्यांच्या ओट्यात धान्य पडले.

दुपारी त्रिंबकाचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने शर्टाच्या बाहीने मला घाईघाईने पुसले आणि लिहिले: 'धान्य संपले.'

दुसऱ्या दिवशी त्या नऊ जणी पुन्हा आल्या. काल धान्य वाटले गेल्याचे त्यांना वाटेतच कळले होते. त्यांच्यातली छबुबाई मोठ्याने म्हणाली, "बायना, तुला अक्षर लागत न्हाई आन उगा आमाला माघारी फिरिवलंस." बायनाबाई माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. कालचे वाक्य माझ्यावर नव्हते. तिच्या बाजूने साक्ष देईल असे तिथे काही उरले नव्हते. त्रिंबक दारात उभा होता. तो सगळे ऐकत होता आणि गप्प होता.

त्याच आठवड्यात बायनाबाईची सासू चतुराबाई घरातले एक तोंड कमी व्हावे म्हणून लेकीच्या गावी चालत निघून गेली. तिकडेच चैत्रात ती वारली. आणि बायनाबाईने वाचणे सोडले. त्यानंतर ती सोसायटीत आली की माझ्याकडे पाठ करून ओसरी चढे आणि म्हणे, "काय आलंय ते तोंडानं सांगा." टोमणे ऐकून घेई, पण नजर वर उचलत नसे.

पंधरा वर्षे गेली. त्रिंबक सोसायटीचा सेक्रेटरी झाला. सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि योगायोग असा की ते सालही कोरडेच होते. धान्याऐवजी आता माझ्यावर चाऱ्याच्या गाडीची खबर असे. चेअरमन सुंदररावांनी स्मरणिका काढायचे ठरवले. लेख, अहवाल आणि छायाचित्रे भरपूर जमली. सुंदरराव त्रिंबकाला म्हणाले की तुम्ही इतके वाचता, तर बहात्तरच्या दुष्काळावर एक गोष्ट लिहून द्या, म्हणजे लोक स्मरणिका उघडून तरी पाहतील.

येथून माझ्या आयुष्यातला कुतूहलाचा काळ सुरू झाला. त्रिंबकाला कागदावरचे वाक्य पारखता येत नसे. तो सकाळी लवकर येई, चाऱ्याची खबर लिहिण्यापूर्वी माझ्यावर गोष्टीचे पहिले वाक्य लिही, दहा पावले मागे जाऊन ते पाही आणि मान हलवून पुसून टाकी. मी उत्सुक असे ते दुसऱ्या वाक्यासाठी. पहिल्या वाक्यानंतर काय येते, हे मला कधीच कळले नव्हते. सूचनेला दुसरे वाक्य लागत नाही.

पहिल्या दिवशी त्याने लिहिले: 'आकाशात ढगाचा मागमूस नव्हता.' चाऱ्यासाठी पहाटेच येऊन बसणारा आश्रुबा नावाचा म्हातारा शेतकरी होता. त्याने ते वाचले आणि म्हणाला, "आबाळाकडं कोन पाहत व्हतं बे? समदे बैलाच्या पोटाकडं पाहत व्हते." त्रिंबकाने मला पुसले. आश्रुबाचे म्हणणे मला पटले. ज्याला माणसाकडे पाहायचे टाळायचे असते, तो बहुधा आभाळापासून सुरुवात करतो, असे माझे मत आहे.

मग सुंदररावांच्या सूचनेवरून एक वाक्य आले: 'त्या कठीण काळातही सोसायटीची इमारत दिमाखात उभी होती.' यावर गळक्या छपराकडे बोट दाखवत आश्रुबाने विचारले, "दिमाख म्हंजी गळणारा का दुसरा कोन्ता?" तेही गेले. दोन आठवड्यांत मी बावीस आरंभ सोसले. नदीने आरंभ झाला, विहिरीने झाला, एका बैलाच्या डोळ्यांनीही झाला. प्रत्येक वाक्य घोटीव होते. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तरी पुढचे वाक्य येईना. त्रिंबक आश्रुबाला म्हणाला की सुरुवात सापडत नाही. मला हे मान्य नव्हते. सुरुवात माझ्या फटीत पंधरा वर्षे पडून होती आणि ती कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

एके दिवशी त्याच्या हातून उतरले: 'एक म्हातारी रस्त्याने चालली होती.'

आश्रुबाने विचारले, "कुठं चालली?"

त्रिंबकाचा खडू हवेतच थांबला. मग त्याने ते वाक्य इतर कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त जोराने पुसले.

गुरुवारी स्मरणिकेचा मजकूर बीडच्या छापखान्यात द्यायचा होता. बुधवारी त्रिंबक उजाडताच आला. बराच वेळ तो खडू बोटांत फिरवत उभा राहिला. मग त्याने लिहिले आणि या वेळी तो मागे जाऊन पाहण्यासाठी थांबला नाही. ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने आश्रुबा आला. त्याने वाचले आणि पेटवलेली विडी तशीच विझू दिली.

बायनाबाई चाऱ्यासाठी आली. केस पांढरे झाले होते. सवयीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "सेक्रेटरीसायेब, गाडी आली का, तोंडानं सांगा."

त्रिंबक उभा राहिला. "आज तोंडानं सांगत न्हाई, बायनाबाई. तेवढं वाचा."

"मला कुठं वाचता येतंय?"

"येतंय. मला ठावं हाय."

ती वळली. पंधरा वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. तिचे ओठ आधी नुसतेच हलले, मग आवाज फुटला: "त्या... मंगळवारी... धान्य आले होते. फळा... पुसायचा... राहिला होता." तिने ते पुन्हा एकदा, आता न अडखळता वाचले. मग विचारले, "कोनाकडून?"

"माझ्याकडून."

"म्हंजी मी बराबर वाचलं व्हतं."

"एक अक्षर चुकलं न्हवतं तुमचं."

"आन दुसऱ्या दिशी तुमी दारात हुभे व्हते."

"व्हतो."

"कावून बोलले न्हाई?"

बायनाबाई रागावून ओरडली नाही. ती एवढेच म्हणाली, "औषदाच्या बाटलीवरचं सुदिक मी पंधरा वर्सं दुसऱ्याकडून वाचून घेतलं."

आश्रुबाने मान खाली घातली. त्रिंबक म्हणाला की हीच गोष्टीची सुरुवात आहे, हे असेच छापून येईल, सगळ्या गावाला कळेल. बायनाबाईने मान हलवली. "तुमच्या चुकीपसून सुरू केली, तर लोकांला तुमचीच कीव यील. मंग माझी सासू कुठं जाईल त्याच्यात? गोष्ट माझ्यापसून सुरू करा."

खिळ्याला अडकवलेले फडके तिने स्वतः काढले आणि मला वरपासून खालपर्यंत पुसले. इतके स्वच्छ मला कुणी कधीच पुसले नव्हते. मग ती म्हणाली, "लिवा."

त्रिंबकाने लिहिले: 'बायनाबाईला वाचता येत होते.'

मित्रांनो, वर्णन नाही, उपमा नाही, आभाळ तर नाहीच. बावीस घोटीव आरंभांपुढे हे वाक्य किती साधे! पण ते वाचताच मला विचारावेसे वाटले: मग काय झाले? आरंभाची याहून दुसरी कसोटी असते असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालायला तयार आहे.

"पुढं?" त्रिंबकाने विचारले.

बायनाबाईने त्याच्या हातातला खडू घेतला. अक्षरे तिरकी आली, एक काना खाली घसरला, रेघ तर माझ्या फटीवरून उडाली. पण पंचवीस वर्षांनी माझ्या अंगावर दुसरे वाक्य उमटले: 'म्हणून तिने कोणाला विचारले नाही.'

त्या दिवशी चाऱ्याची खबर माझ्यावर लिहिली गेली नाही. जो येई त्याला आश्रुबा पायरीवर बसून तोंडाने सांगत होता. दुपारी बायनाबाई वस्तीतल्या बायांना घेऊन आली. त्या नऊ जणींतल्या सहा उरल्या होत्या. त्यांत छबुबाई होती. बायनाबाई अंगणात पूर्वीच्याच जागी उभी राहिली, पदर नीट केला आणि दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचली. मग त्रिंबक पुढे आला आणि त्या मंगळवारची हकीकत त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितली. छबुबाईने डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले. मग ती म्हणाली, "बायना, परत येकदा वाच."

बायनाबाईने परत वाचले.

तिने त्रिंबकाला माफ केले, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल. गोष्ट पुढे कागदावर पूर्ण झाली, छापलीही गेली. तिचा शेवट काय झाला ते मला ठाऊक नाही, कारण शेवट माझ्यावर कुणी लिहिला नाही. एवढे मात्र पाहिले की त्यानंतर बायनाबाई सोसायटीत आली की आधी मला वाचत असे, आणि वाचून झाल्यावर ओसरी चढून विचारतही असे. दोन्ही करत असे. त्रिंबक तिला प्रत्येक वेळी उठून उत्तर देत असे.

आता मी त्याच मागच्या गोदामात भिंतीला टेकून आहे. खबरा आता फोनवर येतात. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. सणासुदीला कुणी मला बाहेर काढून पाण्याने धुतले आणि चार दिवस उन्हात ठेवले, तर मी अजून कामाचा आहे. तुमच्या गावात, शाळेत, दवाखान्यात माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. त्याला रोज पुसा. काल खरे असलेले वाक्यही त्याच्यावर आज तसेच राहू देऊ नका. कोणीतरी लांबून चालत येते, मोठ्या कष्टाने शिकलेली अक्षरे लावते आणि तुमच्यावर विश्वास ठेवून परत फिरते.

आणि कधी पुसायचे राहिलेच, तर फडके उचलण्याआधी रस्त्याकडे धाव घ्या. ती अजून फार लांब गेलेली नसेल.