दादाच्या पिकअपची थरथर

काटा साठच्या पुढे गेला की फोर्तुनातोदादाची पिकअप थरथरायला लागायची. नव्वदनंतर पुन्हा शांत. मधल्या पट्ट्यात मागे बसलेल्या पर्यटकांचे दात वाजायचे, आणि मिठाचं वाळवंट फिरवून उयुनी गावात परतल्यावर शिव्या खायच्या सबीनोने. गाडी दादाची, चालवायचा धाकटा सबीनो.

"पिऊन दगडावर घातलीस आणि आता साळसूदपणाचा आव आणतोस!" दादा जेवताना म्हणाला.

"आईची शप्पथ, दादा, कशावरही घातली नाही."

"मग काय गाडीला थंडी वाजते?"

"आमचा लिम्बर्ट कधीचा रिकामा बसलाय," एउसेबियावहिनी कुणाकडेही न बघता म्हणाली. लिम्बर्ट तिचा भाऊ. तो समोरच बसून लामाच्या मटणातलं हाड चोखत होता.

दादाने रविवारपर्यंतची मुदत दिली. दोष सापडला नाही तर किल्ली लिम्बर्टकडे. गाडी सुटली तर उरते फक्त खाण, आणि खाणीच्या धुळीने छाती भरून खोकत खोकत मेलेला बाप त्याने जवळून पाहिला होता.

गालात कोकाच्या पानांचा बोकाणा धरून तो कामाला लागला. पुढची चाकं मागे, मागची पुढे केली; फरक शून्य. भर वेगात गियर काढून गाडी नुसती सोडली. इंजिन निवांत, थरथर तशीच. म्हणजे इंजिनही निर्दोष सुटलं. मग त्याने मागच्या चाकांना जोर पोचवणारा लांब शाफ्ट खोलून बाजूला ठेवला, फोर-व्हील टाकलं आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर पळवली. अगदी लोण्यासारखी गेली.

चोर शाफ्टमध्येच होता. विटांवर ठेवून कसाही फिरवला तरी त्याची एकच बाजू खाली यायची. मिठाचा चिखल आणि गंजू नये म्हणून फवारलेलं जळकं तेल यांचा थर गाडीच्या सगळ्या तळालाच होता, म्हणून इतके दिवस डोळ्यांना काही वेगळं दिसलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर ढेकूळ फुटलं आणि आतून गुलाबी लोकर निघाली.

कार्निवलच्या मंगळवारी धरतीआईच्या नावाने गाडीला बिअर पाजतात, फुलं, फिती, रंगीत लोकर बांधतात. बांधलेलं हाताने काढायचं नसतं; आपसूक गळेल तेव्हा गळेल. शहाणी माणसं आरशाला नाहीतर बंपरला बांधतात. दादा मात्र त्या दिवशी रंगात येऊन थेट गाडीखाली शिरला होता. 'जोर जिथून जातो तिथेच बांधणार,' म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सबीनोनेही. पुढे पावसाळी चिखल त्या लोकरीत धरला आणि त्याचा पार दगड झाला.

सबीनो कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. त्याने लोकर कापली, शाफ्ट घासून परत बसवला, गाडी पळवून खात्री केली आणि ते ढेकूळ लोकरीसकट दादाच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"ही घे तुझी थरथर. तूच बांधली होतीस."

दादाने लोकर ओळखली, तेवढं चेहऱ्यावर दिसलं. मग चेहरा बदलला.

"कापलं कुणी हे?"

"मी. नाहीतर निघणार कसं?"

"धरतीआईला दिलेलं? सुरी लावून? विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर राहू दे म्हणाला असतास, आणि रविवार उलटला असता."

वहिनीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "उद्या गाडी उलटली तर माझ्या लेकरांचं काय? मी नाही बाई बसणार याच्या गाडीत."

"अहो वहिनी, गाडी ठणठणीत झालीय! बसून तर बघा!"

"किल्ली," दादा म्हणाला.

बरोबर असणं एक वेळ परक्याला माफ होतं, धाकट्या भावाला होत नाही. सबीनोने किल्ली टेबलावर टाकली आणि जेवण तसंच सोडून उठला.

सोमवारी सकाळी तो चौकात खाणीच्या ट्रकची वाट बघत उभा होता. लिम्बर्ट पर्यटक भरून पिकअप भरधाव घेऊन गेला. नाश्त्याच्या गाडीपाशी दादा चार माणसांत मोठ्याने सांगत होता, "बघितलंत? ड्रायव्हर बदलला आणि थरथर एका दिवसात गायब!"

"हात लागतो हो चांगला," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सबीनो हाकेच्या अंतरावर होता. त्याच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. खाणीचा ट्रक आला, आणि तो मागे चढून बसला.