राक्षसाचा दात

परदेशातल्या दलालाकडून जपानी खेळणं मागवणाऱ्या माणसाला आधी वेड लागतं आणि मग बिल येतं. कवळीवाल्याच्या बाबतीत दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

कवळीवाला म्हणजे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारा कारागीर. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचा आणि संध्याकाळी मोबाईलवर राक्षस बघत बसायचा. जपानमधल्या एका कलाकाराने मऊ प्लास्टिकचे बनवलेले, वीतभर उंचीचे, ढेरपोटे, हिरवट राक्षस. तिकडे दुकानात असा एक राक्षस एका बऱ्या शर्टाच्या किमतीत मिळतो. पण मिळतो रांगेत उभा राहील त्याला, आणि रांगेत उभा असतो दलाल. मग दलालाचा नफा, खोक्याचे पैसे, खोकं ठेवून घेतल्याचे पैसे, खोकं पाठवल्याचे पैसे आणि इकडे उतरल्यावर खोक्यावरचा कर. ज्याने राक्षस घडवला त्याच्या हातावर चिल्लर, आणि ज्याने तो खोक्यात कोंबला त्याची चांदी. खिसेकापूला निदान पळावं तरी लागतं.

कवळीवाल्याने यासाठी नव्या वॉशिंग मशीनचे पैसे उडवले. जुनं मशीन कधीच मेलं होतं.

"गुंतवणूक आहे," तो बायकोला म्हणाला. "पुढेमागे दुप्पट भावाने जाईल."

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने बिल शांतपणे वाचलं.

"यात राक्षस कितीचा?"

"तो वरचा आकडा."

"आणि खालचे सगळे?"

"त्याचा प्रवास."

"लग्नानंतर आपण फिरायला गेलो होतो, तेव्हा दोघांचा मिळून एवढा खर्च झाला नव्हता. दुप्पट राहू दे. ज्या भावाने आणलास त्या भावाने विक, आणि मला मशीन आण. तोवर कपडे तू धू."

खोकं उघडल्यावर कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. राक्षसाचा वरचा पुढचा एक दात गायब. त्याने दलालाला फोटो पाठवला. दलालाचं उत्तर आलं: प्रवासात तुटला असेल, वाईट वाटलं, परत पाठवायचा तर खर्च तुमचा. वाईट वाटल्याचे पैसे लावले नाहीत, हेच नशीब.

आता, दुसरा कुणी हळहळला असता आणि गप्प बसला असता. पण कवळीवाल्याला फट दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने कामाच्या टेबलावर मेणाचा दात कोरला, साचा केला, कवळीच्या मसाल्यात ओतला, रंग जुळवला, चकाकी दिली. नमुना म्हणून डोळ्यांसमोर जो दात आला तो घेतला. असा बसवला, की तो उपराच आहे हे खुद्द राक्षसालाही कळू नये.

गिऱ्हाईक लवकरच मिळालं. चष्म्याच्या दुकानाचा मालक, असल्या खेळण्यांनी कपाट भरलेला माणूस. रविवारी सकाळी दारात उभा राहिला तेव्हा कवळीवाला बादलीत चादरी तुडवत होता. पाय पुसून त्याने राक्षस टेबलावर आणून ठेवला.

चष्मेवाल्याने भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"फट कुठाय?"

"बुजवली," कवळीवाला अभिमानाने म्हणाला. "दात तुटून आला होता."

"अरे बाबा, तुटून नव्हता आला. त्या कलाकाराच्या मुलीचा दुधाचा दात पडला, म्हणून त्याने थोडेसे राक्षस मुद्दाम तसेच केले. सगळी किंमत त्या फटीची आहे."

कवळीवाल्याची दातखीळच बसली. म्हणजे दलालाने फटीचे पैसे उकळले आणि आपण काय विकलं हे त्या गाढवालाही माहीत नव्हतं.

"एवढ्याशा भोकासाठी आमचं मशीन गेलं?" बायको म्हणाली.

"वहिनी, अजून गेलं नाही. यांना म्हणावं दात उपटा. आतली फट शाबूत असेल, तर ठरलेले पैसे आत्ता देतो."

कवळीवाल्याने पक्कड आणली. दाताला लावली. काढली. पुन्हा लावली. आयुष्यभर त्याने दात बसवले होते, उपटायचं काम डॉक्टरांचं.

"माझ्याने नाही होत."

"आण इकडे," बायको म्हणाली. पक्कड घेऊन तिने राक्षसाला मानगुटीला धरलं, खिडकीशी नेलं, त्याचा जबडा उजेडात धरला. आणि थांबली. नव्या दाताचा डावा कोपरा किंचित उडालेला होता. तिने जीभ स्वतःच्या पुढच्या दातावर फिरवली. लहानपणी नळाच्या तोटीवर आपटून त्याचा तोच कोपरा उडाला होता.

"हा माझा दात आहे."

"नमुना हवा होता," कवळीवाला पुटपुटला. "मला तोच पाठ आहे."

"राक्षस घडवायला बसलास आणि आठवले कोण, तर मी."

चष्मेवाला खोकला. "वहिनी, मग उपटताय ना?"

"स्वतःचा दात उपटून मशीन घेऊ का, भाऊजी? चहा घेणार का तुम्ही?"

त्याने चहा घेतला, दोनदा भाव वाढवला आणि हात हलवत गेला. दार लागल्यावर बायकोने राक्षस खिडकीत नीट ठेवला, तोंड बादलीकडे करून.

"दात काढून बघतोय काय," ती नवऱ्याला म्हणाली. "चादरी पिळ."