भिंतीवरचा लाइफबोया

मी एक जुना लाइफबोया आहे. बोटीवरून कोणी पाण्यात पडलं की त्याच्याकडे जे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं कडं फेकतात, तो मी. मित्रांनो, माझ्याआधी पुष्कळांनी तुम्हाला आपापली कहाणी सांगितली असेल. फाटकी छत्री, मोडकं बाक, बंद पडलेलं घड्याळ. ही मंडळी शेवटी रडतात. मी रडणार नाही. माझ्या अंगावर तेलरंगाचे इतके थर आहेत की आतलं पाणी बाहेर येणं शक्यच नाही.

माझा जन्म मुंबईच्या गोदीतला. पोटात बूच, वरून कॅनव्हास आणि कडेने धरायला दोर, असा माझा साधा पण देखणा बांधा होता. बनवणाऱ्या कारागिराने मला एकदाच हौदात टाकलं. मी तरंगलो. तो "ठीक आहे" म्हणाला आणि विडी पेटवायला गेला. पाण्यातला माझा सगळा अनुभव एवढाच. पुढे मी नौदलाच्या एका बोटीच्या कठड्यावर लागलो आणि कोणीतरी पडण्याची वाट बघू लागलो. कोणीही पडलं नाही. नौदलातली माणसं नको तितकी सावध असतात.

पडत नसली, तरी रंगवतात मात्र फार. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की डेकपासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळ्याला रंग लागतो. एकदा एक झुरळ माझ्यावर विसावलं होतं. ते वेळेत उठलं नाही. आजही ते माझ्या तिसऱ्या थरात आहे. आमचं बरं जमतं.

बोट सेवेतून निवृत्त झाली आणि मला रत्नागिरीच्या 'दर्यावर्दी माजी नौसैनिक मंडळा'ला आठवण म्हणून देण्यात आलं. इथून माझ्या अधःपतनाला सुरुवात झाली.

मंडळाची कचेरी म्हणजे काजूगराच्या दुकानावरची एक खोली. त्या खोलीच्या भिंतीवर मला लोखंडी पट्टी ठोकून अडकवलं. अध्यक्ष होते दीपक साळवी. त्यांची उभी नोकरी नौदलाच्या भांडारात गेली. समुद्र त्यांनी बराचसा खिडकीतून पाहिला, तोही जेवणानंतर डोळा लागेपर्यंत. पण पाहुणा आला की ते माझ्यावर थाप मारत आणि म्हणत, "बुडत्याला तारणारा आहे हा आमचा! अजून तसाच ठणठणीत!" बुचाच्या वस्तूतून 'ठण्' असा आवाज येतो, यात काही गडबड आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

गडबड अशी होती. एका उन्हाळ्यात माझ्या पोटाला भेग पडली आणि बुचाचा भुसा गळू लागला. मंडळाचे सेक्रेटरी सदू पावसकर यांनी ती पाहिली. सदूभाऊ बोटीवर डेकचं काम करून आलेले. रंगकाम हा त्यांचा धर्म. त्यांनी राहिलेला भुसा खरवडून काढला, पोकळीत व्हाइट सिमेंट भरलं, वरून पॉलिश पेपर मारला आणि दोन हात रंग दिला. मग लांब उभं राहून म्हणाले, "आता बघा कसा दिसतो! नवरदेव!"

नवरदेव, होय. पोटात बांधकाम झालेला नवरदेव.

त्यात भर पितळेच्या पट्ट्यांची. जो कोणी अध्यक्ष होई, तो आपल्या नावाची पट्टी माझ्यावर स्क्रूने बसवून घेई. साळवीसाहेब अनेकदा अध्यक्ष झाले, त्यामुळे माझ्या अंगावर साळवी जास्त आणि कॅनव्हास कमी.

मंडळाचे उपक्रम तुम्हाला माहीत असावेत म्हणून सांगतो. मासिक सभेत मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायचा, तो चुकीचा आहे असं एकमताने ठरवायचं आणि चहा घ्यायचा. रक्तदाब तपासणीचं शिबिर झालं, त्यात शिबिराची कल्पना मुळात कोणाची यावरून सगळ्यांचा रक्तदाब वाढला. शाळांमधून 'सागर बोलावतो' या विषयावर भाषणं झाली. तिथे मला रिक्षात घालून नेत. मित्रांनो, तुमच्यापैकीच एक गुटगुटीत मुलगा कमरेपर्यंत माझ्यात शिरला होता. तो निघेना, तेव्हा बाईंनी खोबरेल तेल मागवलं. तुमच्याकडून मला तेव्हाही फारशा अपेक्षा नव्हत्या.

असे दिवस जात होते. भिंतीवर लटकायला पोटात सिमेंट असलं तरी चालतं. मी सगळ्यांना तुच्छ लेखत सुखाने लटकत होतो. मग नौदल दिन आला आणि साळवीसाहेबांच्या डोक्यात समुद्र शिरला.

"यंदा हॉलमध्ये नाही," त्यांनी सभेत जाहीर केलं. "यंदा भर समुद्रात जाऊन पुष्पचक्र वाहायचं. आपली जी माणसं दर्यातून परत आली नाहीत, त्यांना. आणि हा आपल्याबरोबर येणार."

'हा' म्हणजे मी. टाळ्या झाल्या. माझ्या तिसऱ्या थरातल्या झुरळालाही घाम फुटला असावा. मला पाण्यात टाकण्याची वेळ आली, तर मी काय करणार हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंड नव्हतं. होतं तेवढं भोक, त्यात फुलांची कुंडी ठेवलेली होती.

चार डिसेंबरच्या सकाळी आम्ही मिरकरवाडा बंदरावर गेलो. माशांचा लिलाव जोरात चालला होता. त्या गर्दीतून कोट, टाय आणि मेडलं लावलेली वृद्ध मंडळी एक लाइफबोया उचलून नेत होती. एका कोळणीने सुरमई खाली ठेवून आम्हाला नमस्कार केला. तिला बहुधा अंत्ययात्रा वाटली.

होडी कैफ मुकादमची होती. कैफ तरुण पण हिशेबी माणूस. त्याने आधी लाइफजॅकेटांचा ढीग पुढे टाकला.

"काका, ही घाला. त्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही."

"अरे, आम्ही नेव्हीवाले!" साळवीसाहेब म्हणाले. "आणि जॅकेट घातलं तर मेडलं दिसायची कुठून?"

"मेडलं जॅकेटवर लावा."

"आणि हा काय शोभेला आणलाय?" साळवीसाहेबांनी माझ्यावर थाप मारली. ठण् झालं.

कैफने माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढा वाईट दिसण्याचा प्रयत्न केला. पण सदूभाऊंनी आदल्याच दिवशी मला नवा रंग दिला होता. मी चकाकत होतो. कैफ म्हणाला, "असू दे. पण जवळ ठेवा तो."

जॅकेट एकाच व्यक्तीने घातलं. त्या म्हणजे साळवीसाहेबांच्या पत्नी विमलाबाई. जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्या. पाण्याशी चेष्टा नको, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. पुष्पचक्रही त्यांनीच केलं होतं. बाजारातलं महाग म्हणून मिरकरवाड्यातून माशांच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण आणलं, गोल कापलं आणि त्यावर झेंडूची दाट फुलं टाचली.

"अगो विमल, ह्याला बांगड्याचा वास येतोय!" साळवीसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "शहिदांना बांगड्याचा वास?"

"दर्यातच आहेत ना ते? मग त्यांना काय गुलाबाचा वास येत असणार? धरा नीट."

बंदराची भिंत मागे पडली तशी होडी डुलू लागली. कैफने इंजिन मंद केलं. मंडळी रांगेत उभी राहिली. मोबाइलवर बिगूल लावला. तो वाजता वाजता मध्येच एका जाहिरातीतल्या कुकरची शिट्टी झाली. तिलाही सगळ्यांनी सॅल्यूट केला.

मग साळवीसाहेब पुष्पचक्र घेऊन काठाशी गेले. मागे एक सभासद फोटो काढत होते.

"आलो काय मी?" साहेबांनी विचारलं.

"चक्र येतंय. तुम्ही नाही येत. थोडे पुढे व्हा."

साहेब पुढे झाले.

"अजून थोडे."

साहेब अजून थोडे पुढे झाले आणि फोटोतून, होडीतून आणि आपल्या पदावरून एकदमच गेले.

मोठा आवाज झाला. चक्र एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. पोहण्याची परीक्षा ते तरुणपणी उत्तम पास झाले होते. पण तेव्हा हा कोट नव्हता, हे बूट नव्हते आणि हे पोटही नव्हतं. लाटेने होडी लांब सरकली. सदूभाऊंनी मला उचललं, मला बांधलेल्या लांब दोराचं टोक हाताला गुंडाळलं आणि ताठ उभे राहिले.

"अरे, फेका ना तो!" सुकाणूवरून कैफ ओरडला.

"ऑर्डर नाही," सदूभाऊ म्हणाले. "ऑर्डर अध्यक्ष देतात."

"अध्यक्ष पाण्यात आहेत!"

"म्हणूनच. साहेब, ऑर्डर?"

साहेबांनी डोकं वर काढलं, तोंडातलं खारं पाणी थुंकलं आणि मंडळाच्या इतिहासातली सर्वांत छोटी ऑर्डर दिली.

"फेक मेल्या!"

सदूभाऊंनी मला फेकलं. मित्रांनो, आयुष्यभर मी या क्षणाची वाट पाहिली होती. वरून मला साळवीसाहेबांचा चेहरा दिसला. त्यावर काय विश्वास होता! त्या माणसाइतका मूर्ख विश्वास माझ्यावर कोणी ठेवला नाही, आणि मला त्याची इतकी लाज कधी वाटली नाही. मी त्यांच्या पुढ्यात पडलो. साहेबांनी नियमाप्रमाणे माझ्यातून डोकं आणि दोन्ही हात घातले, मला छातीशी घट्ट धरलं आणि आम्ही दोघे सरळ खाली निघालो.

पाय झाडून ते वर आले, माझ्यासकट. पुन्हा खाली गेले, माझ्यासकट. वरून सदूभाऊ ओरडत होते, "घट्ट धरा साहेब! सोडू नका!" त्यांनी दोर ओढला, तर वर्षानुवर्षं रंग खाऊन कडक झालेला तो दोर माझ्या अंगापासून तुटून नुसताच त्यांच्या हातात गेला. कैफने होडी वळवायला घेतली, पण होडी काही रिक्षा नव्हे. तेवढ्या वेळात साहेब आणखी दोनदा खाली जाणार होते, आणि वर येणं त्यांना आता जमेलसं दिसत नव्हतं.

तेव्हा विमलाबाई काठावर ओणवल्या.

"अहो! फेका तो बोया! चक्र धरा, चक्र!"

चक्र साहेबांपासून हातभर अंतरावर होतं. झेंडूच्या फुलांनी भरलेलं, बांगड्याचा वास येणारं, आणि बेशरमासारखं मजेत तरंगणारं.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तोंडात पाणी, तरी बोलले, "ते त्यांचं आहे गो! शहिदांचं!"

इतकी वर्षं मी या माणसाला तुच्छ लेखत आलो. खिडकीतून समुद्र पाहणारा, पट्ट्या ठोकणारा, मेडलं मिरवणारा. पण तो आता बुडत होता आणि तरीही मेलेल्यांच्या फुलांना हात लावायला तयार नव्हता. तिथे फोटो काढणारं कोणी नव्हतं. फोटोवाल्या सभासदांनी डोळे मिटून घेतले होते.

"त्यांचंच आहे म्हणून सांगतेय!" विमलाबाईंचा आवाज फाटला. "ते दर्यात गेलेत. त्यांना ठाऊक आहे बुडणं काय असतं. ते नाही म्हणतील तुम्हाला? धरा!"

साळवीसाहेबांनी मला डोक्यावरून काढलं. क्षणभर हातात धरलं. मग सोडलं.

त्यांनी चक्राला मिठी मारली आणि झाकण थोडं वाकून त्यांच्या हनुवटीखाली थांबलं. मी खाली जाताना वर पाहत होतो. पाय हलत होते. झेंडूच्या पाकळ्या गोल फिरत होत्या. कैफची होडी त्यांच्याजवळ पोहोचलेली दिसली आणि मग मला फक्त चिखल दिसला.

पुढचं मला नंतर कैफच्या बोलण्यातून कळलं. साहेबांना होडीत ओढून घेतलं. विमलाबाईंनी आधी त्यांना पदराने पुसलं आणि मग होडीभर ऐकू जाईल असं झापलं. साहेब कुडकुडत होते. थोड्या वेळाने ते उठले, चक्रातली निसटलेली फुलं त्यांनी स्वतः पुन्हा टाचली आणि ते दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. आलो काय मी, असं त्यांनी विचारलं नाही. मेडलं तर केव्हाच तळाला गेली होती. तेवढ्यापुरता मला त्यांचा तिरस्कार वाटला नाही.

तो फार वेळ दूर राहिला नाही. मंडळाच्या वार्तापत्रात बातमी आली: 'अध्यक्षांनी स्वतः समुद्रात उतरून हुतात्म्यांना मानवंदना दिली. उपक्रम यशस्वी. चहापानाने सांगता.'

काही दिवसांनी मी कोणाच्या तरी जाळ्यात अडकून वर आलो. कैफने मला ओळखलं. मंडळाकडे विचारणा केली, तर साळवीसाहेब म्हणाले, "तूच ठेव बाबा." त्यांचा आवाज जरा ओला होता म्हणतात. भिंतीवर आता नवा, नारिंगी प्लॅस्टिकचा बोया आला आहे. तो उत्तम तरंगतो. पण कैफ सांगत होता, की सदूभाऊंनी त्याच्याकडे लांबून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला एक हात द्यायला हवा."

मित्रांनो, सगळ्यांनी म्हणून मीही उपदेश करून ठेवतो. ज्या वस्तूचा तुम्हाला अभिमान आहे, तिला वर्षातून एकदा तरी तिचं काम करू द्या. नुसता हार घालून भिंतीवर टांगलेली गोष्ट आतून काय होते, हे बाहेरून कळत नाही. हे आजोबांनाही लागू आहे, पण त्यांना पाण्यात टाकू नका.

मी सध्या नांगराच्या नोकरीवर आहे. कैफने माझ्या पितळी पट्ट्या काढून मला नवा दोर बांधला. त्याची मुलगी उझमा छोट्या होडक्यातून गळ टाकायला खाडीत जाते, तेव्हा ती मला उचलून पाण्यात सोडते. मी ताबडतोब बुडतो. चिखलात घट्ट बसतो. ओहोटीचं पाणी होडक्याला समुद्राकडे ओढत राहतं, मी जाऊ देत नाही. वर ती पाय सोडून बसलेली असते, गाणी म्हणते आणि तिला मासे मिळत नाहीत.

ती मला दगड म्हणते. "अब्बा, दगड कुठाय?" असं विचारते. मला राग येत नाही. दगडाकडून कोणी भलत्या अपेक्षा ठेवत नाही. फक्त एकच विनंती आहे. मला रंग लावू नका. शेंदूरसुद्धा नको.