ओळ तुटली की सिंगल बेल

कीर्तनात बुवा एखाद्या शब्दापाशी थांबतात, त्याचे चार अर्थ काढतात, आणि ऐकणारा बसल्या जागी हलतो. दिग्रसजवळच्या तांड्यात असाच एक शब्द खेमसिंगच्या फोनमधून आला, आणि मग घरात कुणाला एका जागी बसवेना.

खेमसिंग आणि बिजलीबाईची लेक ममता एसटीत कंडक्टर. रजा साठवून ती नेपाळला गेली होती, यवतमाळच्या इंद्रजीतनं काढलेल्या सहलीत. गाइडबरोबर पायी, बर्फातल्या खिंडीपर्यंत. रोज तिचा आवाजी निरोप यायचा. झुलत्या पुलावर इंदूरचे एक काका डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होते. जेवणात बटाटेच बटाटे. चहात मीठ. आज मात्र नुसती धाप. "याडी... वर... चढून राह्यली..." आईला ती याडीच म्हणते. एवढंच बोलली, आणि मागून गाइडचा आवाज आला, "ममता दिदी, बिस्तारै, बिस्तारै." नंतर फोन लागेना.

"बिस्तरा म्हणून राह्यला थो," बिजलीबाई म्हणाली. "पोरगी बिस्तऱ्याले लागली."

"विस्तार म्हणते वं. बुवा नाई का म्हणत, आता याचा विस्तार पाहू? डोंगर केवढा पसरला थे सांगत असन." खेमसिंग कीर्तनात मागं टाळ धरून उभा राहतो. त्याला कशातही बुवाच ऐकू येतात.

"पोरीले धाप लागली, अन् तुमचं कीर्तन सुरूच."

त्यानं निरोप पुन्हा लावला. तिनं पुन्हा ऐकला. मग ती अंगणात गेली, परत आली, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बघत राहिली. शेवटी देवाच्या फोटोला हात जोडले आणि चपला घातल्या.

"यवतमाळले चला. इंद्रजीतले सांगते, माही पोरगी खाली आण."

बसमध्ये सीट मिळूनही ती दांडा धरून उभीच राहिली.

इंद्रजीतनं निरोप ऐकला आणि हसला. "काकू, बिस्तारै म्हणजे नेपाळीत हळू. हळू चाला, म्हणते थो."

खेमसिंगनं सुटकेचा श्वास टाकला. बिजलीबाई हसली नाही.

"एकडाव म्हणला असता तर ठीक होतं. घडीघडी काहून म्हणून राह्यला? पोरगी ऐकून नाई राह्यली त्याचं."

इंद्रजीतनं निरोप पुन्हा लावून ऐकला. ममताची चाल त्यालाही ठाऊक होती. बस स्टँडाबाहेर पडायच्या आत तिची तिकिटं फाडून झालेली असतात.

"वर हवा पातळ असते, काकू. घाई करणाऱ्यालेच जास्त त्रास होते. तुम्ही म्हणसान तर गाइड तिले उद्या खाली आणते. पण मंग खिंड राह्यली तिची."

म्हणजे सगळं बिजलीबाईच्या एका शब्दावर आलं. ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. खेमसिंगनं पाण्याचा पेला पुढं केला, तो तसाच राहिला.

उन्हं उतरताना गाइडचा फोन लागला. तो हिंदीत म्हणाला, "माताजी, दीदी बहुत तेज चलती हैं. सिर में थोड़ा दर्द था, आराम किया, अब ठीक है. आप बोलो तो नीचे लाता हूँ."

मग ममता. "याडी, मले खाली नको बोलावू. रोज तेच यवतमाळ, तेच पुसद. एकडाव पाहू दे ना, रस्ता कुठं संपते थे."

बिजलीबाई 'खाली ये' म्हणायलाच आली होती. शब्द ओठावर होता. "डोकं दुखते?"

"नाई आता."

"देव ऐकून राह्यला."

"खरंच नाई, याडी."

फोनमधून लेकीचा श्वास येत होता. बिजलीबाईनं तो पुरता ऐकून घेतला.

"मंग भजन म्हणत चाल. तोंडातल्या तोंडात. एका दमात ओळ पुरी होईन, तेवढ्याच चालीनं. ओळ तुटली की सिंगल बेल. जाग्यावर थांबायचं."

ममता हसली. "अन् निघायची डबल बेल कोण देईन?"

"तुहा दम देईन. अन् डोकं पुन्हा दुखलं तर गाडी डेपोत वापस. मले विचारत बसायचं नाई."

त्यानंतर फोन आला नाही. बिजलीबाई विहिरीवर जाताना भजनाची ओळ मनात म्हणे, आणि मध्येच थांबे. डोक्यावर घागर घेऊन अशी काहून उभी राहते, असं शेजारच्या रुपीबाईनं विचारलं, तर म्हणाली, "पोरगी दम घेऊन राह्यली."

मग एका सकाळी निरोप आला. आधी नुसता वारा. त्यात ममताचा बारीक आवाज: "पावलापावलाले नाव तुहं देवा, वाट तूच..." आणि ओळ तुटली.

बिजलीबाईचा पिठाचा हात परातीतच राहिला. खेमसिंग काही बोलणार, तेवढ्यात तिनं बोट वर केलं. वारा वाहतच होता. खूप वेळ वाहत होता.

मग अगदी जवळून, फोनला तोंड लावल्यासारखं, "टिंग टिंग."

आणि जिथं तुटली होती तिथूनच ओळ पुढं निघाली. खिंड आली की नाही, ते त्या निरोपात नव्हतं.

खेमसिंगनं खुंटीवरचे टाळ काढले आणि सवयीनं जलद लयीत वाजवले.

"हळू," बिजलीबाई म्हणाली. "तिच्या चालीनं."