बटणाएवढा डाग

"परत? अगं, पोटात नळ बसवलायस का?" इस्त्रीवाल्या मावशींनी विचारलं.

ती हसली. लॉन्ड्रीच्या मागच्या संडासात शिरून कडी लावली. सकाळपासून चौथ्यांदा.

पाहिलं.

तपकिरी. शर्टाच्या बटणाएवढा.

तपकिरी म्हणजे जुनं रक्त. हे तिला कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं ती इथे डागच ओळखत होती. कपडा आला की चिठ्ठी लिहून टाचणीनं लावायची.

शर्ट. शाई. कालची. निघेल.

चादर. चहा. जुना. सांगता येत नाही.

मी. नववा आठवडा. रक्त.

पुढे?

मागच्या वेळी दहाव्यात पडलं होतं. तेव्हाही सुरुवात बटणाएवढीच.

बाहेर येऊन ती ओल्या चादरींच्या टोपलीवर वाकली. मावशींनी टोपली पायानं स्वतःकडे ओढली.

"ठेव ती."

"जमतं मला."

"काय जमतंय ते दिसतंय. दर वेळी तोंड एवढंसं करून येतेस. कितवा?"

"नववा आठवडा."

मावशींनी इस्त्री उभी केली. "आधी दवाखान्यात जा. मालकाला सांगते, जुलाब लागलेत तिला. त्यावर तो काही विचारायचा नाही."

दवाखान्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर काहीतरी फडफडत होतं.

"ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती उठूनच बसायला लागली.

"पडून राहा. आहेत, पण मंद आहेत. आठवड्यानं पुन्हा बघू."

"राहील ना?"

"आत्ता सांगता येत नाही."

तिचेच शब्द. गिऱ्हाइकांना ती हेच सांगायची, आणि गिऱ्हाइकं निमूट पावती घेऊन जायची. कशी जायची?

घरी नवरा मोरीत उकिडवा बसला होता. हात कोपरापर्यंत लाल. बादलीतून वाफ निघत होती. सकाळी गार पाण्यात भिजत घातलेला तिचा पांढरा गाउन त्याच्या मुठीत.

"म्हटलं, तुला वाकायला नको. कडकडीत पाण्यात घातला. किती वेळ घासतोय, निघतच नाही बघ."

गरम पाण्यानं रक्त कापडात शिजतं. मग ते कशानंही निघत नाही. नव्या बायकांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची.

"बाई काय म्हणाल्या?"

"ठोके आहेत. मंद. आठवड्यानं बोलावलंय."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा घासायला लागला. आणखी जोरात.

"पुरे आता," ती म्हणाली. "बराचसा निघालाय की."

गाउन तिनं स्वतः पिळला. डाग आत दुमडून दोरीवर घातला. मग संडासात गेली, कडी लावली.

दाराखालच्या फटीत त्याची ओली पावलं येऊन थांबली.

"कसा आहे रंग?"

"थांब ना," ती म्हणाली. "बघतेय."