घोणस अळीचा काटा

उसाच्या बांधावर गवत कापताना चंद्राबाईच्या मनगटाला काहीतरी घासलं आणि विस्तवाचा चटका बसावा तशी आग उठली. गवताच्या पात्याच्या खालच्या अंगाला हिरवी-पिवळी, अंगभर काटेरी झुबक्यांची अळी चिकटलेली होती. चंद्राबाईच्या हातातला विळा गळून पडला. घोणस अळी! महिनाभर गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर हिचाच फोटो फिरत होता. चावली की माणूस पाच मिनिटांत खलास.

"शिवांजली, मेले गं!"

सून वैरणीचा भारा टाकून धावली. सासूचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. शिवांजलीचा नवरा पलटणीत, पार पठाणकोटला, घरी दोघीच. तिनं अळीचा फोटो काढला, सासूला स्कूटीवर मागं बसवलं, टॉवेलनं आपल्या कमरेला बांधलं आणि पलूसच्या दवाखान्याची वाट धरली.

पाच मिनिटं कधीच उलटली होती. तरी चंद्राबाईला वाटत होतं, जीव घशाशी आलाय. दातखीळ बसायच्या आत सांगून टाकायला हवं.

"अंगणवाडीच्या मुलाखतीचं तुजं पत्र आलतं. म्या चुलीत घातलं."

स्कूटी हेलकावली. शिवांजलीनं वेग वाढवला.

डॉक्टरांनी फोटो बघितला. मनगटावर चिकटपट्टी दाबून उचलली, तर तिला केसासारखे बारीक काटे चिकटून आले. मग बर्फ ठेवला, इंजेक्शन दिलं.

"मावशी, ही चावत नाही. पाखरांनी खाऊ नये म्हणून काट्यात विष असतं, त्याची ही आग. मरत नाही तुम्ही. पाऊस सरत आला की ही दिसते, मग कोश करते. त्यातनं तपकिरी पतंग निघतो. त्याला ना काटा, ना धड तोंड. थोडे दिवस जगतो, अंडी घालतो, संपला."

जगणार म्हटल्यावर चंद्राबाईला नवीच धास्ती पडली. आता या सुनेबरोबर घरी जायचं होतं.

मळ्याच्या वळणावर शिवांजलीनं गाडी थांबवली. "का जाळलंसा, आत्या?"

"तू दिसभर भाईर गेलीस तर घर खायला उठंल. लय भ्या वाटलं गं."

"मग तसं बोलायचं हुतं. मी काय पळून चालले हुते?"

हाताची आग तीन दिवस राहिली. शिवांजली ताट वाढायची, मलम लावायची, पण नजर टाळून. चौथ्या दिवशी दुपारी ती साडी बदलून बाहेर पडली. चंद्राबाई वाटेकडं डोळे लावून दारातच बसून राहिली. तिन्हीसांजेला सून अंगणवाडीच्या कार्यालयात चौकशी करून आली.

"नवी भरती कवा हाय?" चंद्राबाईनं भीत भीत विचारलं.

"दिवाळीनंतर."

"अर्ज कर."

चंद्राबाईनं सरकून उंबऱ्यावर जागा केली, तशी शिवांजली तिच्याशेजारी टेकली.