तात्या ओकांची भूतदया

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. बुवा अजून फराळाला बसलेत, टाळ वाजायला अवकाश आहे. तोवर तात्या ओकांच्या भूतदयेची गोष्ट सांगतो.

तात्या म्हणजे रत्नागिरीच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले अव्वल कारकून. आफ्रिकेला जायचं तर पासपोर्ट हवा, असा कायदा आला, तेव्हापासून खेड्यापाड्यांतली माणसं अर्जासाठी त्यांच्या ओटीवर येत. तात्या कोणाकडून छदाम घेत नसत. सगळी वसुली तोंडानं करीत. "एवढंही कळत नाही? मग तिकडे काय माशा मारायला निघालास?" हे ऐकल्याशिवाय कोणाचा अर्ज पुरा होत नसे. एरवी माणूस मोठा हळवा. कीर्तनात सुदाम्याचे पाय धुतले जाऊ लागले की पहिला हुंदका तात्यांचा.

अशाच एका कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्णगडची मैना ओटीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा आफ्रिकेत, मोंबाशाच्या गोदीत हमाल. पायावर लोखंड पडून तो अंथरुणाला खिळला होता. गावचा सदू तिथंच कामाला. सुट्टीवरून परत जाताना तो तिला बरोबर नेणार होता. या खेपेला कागद झाला नाही, तर तिला नवऱ्यापर्यंत पोचवणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नवऱ्याचं नाव?" तात्यांनी टाक उचलला.

मैनेनं पदर पुढं ओढला.

"अगं, नाव! कायदा आहे. बाईनं स्वतः सांगायचं."

"माझ्या तोंडान कसा घेऊ, तात्यानु? बेल वाहतात ना, त्या देवाचा हाय."

तात्या खुलले. विद्वत्ता दाखवायची अशी संधी रोज येते थोडीच! "शंकर? नाही? मग त्र्यंबक? नीलकंठ? चंद्रशेखर?"

दर नावाला मैना मानेनं नाही म्हणे आणि ओटीवरची मंडळी खिदळत. गोदीतल्या हमालाला त्याच्या आईनं काय हाक मारली असेल, ते मात्र तात्यांच्या डोक्यात येईना. शेवटी त्यांनी टाक आपटला.

"मी काय इथं सहस्रनाम म्हणत बसू? नवऱ्याचं नाव सांगता येत नाही आणि निघाली समुद्रापार! कोण म्हणेल तुला त्याची बायको? कोणीतरी फूस लावून नेतंय. जा, घरी जा."

मैना वळली. रडायलासुद्धा ती पायरी उतरेपर्यंत थांबली.

तोच माजघराच्या दारात बांगड्या वाजल्या. काशीकाकू, तात्यांची बायको. परक्या पुरुषांपुढं कधी न येणारी ही बाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन थेट ओटीवर आली.

"अहो, माझा जन्म गेला या घरात. माझ्या तोंडून तुमचं नाव ऐकलंत कधी? मग मलाही कोणी फूस लावूनच आणली म्हणायची."

खिदळणं बंद झालं.

"मैने, वर ये. अशी पाटावर बस." काकूनं तिला कुंकू लावलं. "आता या कुंकवाच्या धन्याचं नाव घे बघू, उखाण्यात. लाजू नको, मी आहे इथं."

मैनेनं डोळे मिटले.

"पूर्णगडच्या बंदरावर लावते सांजदिवा,
दर्यापलीकडे वाट बघतात धनी माझे शिवा."

"शिवा होय!" तात्या ओरडले. "मग मघाशीच नाही का सांगायचं?"

"मघाशी तुम्ही विचारलंत कुठं? दरडावलंत," काकू म्हणाली. "आणि कचेरीत अर्ज घेणारा कारकून तुमच्याच हाताखाली शिकलेला. तोही तसाच अंगावर येणार. तेव्हा हिच्याबरोबर जा. नाव तुम्ही वाचायचं, हिनं मान डोलवायची, एवढं त्याला नीट समजावून सांगा."

तात्या गेले. कारकून मैनेवर गुरकावला. तो सूर तात्यांना फार ओळखीचा वाटला, पण कोणाचा ते काही आठवेना. अखेर नाव वाचलं गेलं, मान डोलली, अर्ज पुढं गेला आणि वेळेत कागद हाती आला. मैना सदूबरोबर बोटीत चढली.

पुढल्या एकादशीला तात्यांनी हे सारं बुवांच्या कानावर घातलं, आपल्या सोयीनं. बुवांनी भर कीर्तनात तात्यांच्या दयाबुद्धीचे गोडवे गायले. तात्या मान खाली घालून, सगळ्यांना दिसेल इतक्या नम्रपणानं बसले होते. काकू बायकांत, खांबाआड.

तात्यांचं देव भलं करो, तेही आपलेच. पण मंडळी, आता बुवा येतील, दयेचं आख्यान लागेल आणि तुमचे डोळे भरून येतील. तेव्हा त्या खांबाआडच्या काशीकाकूची तेवढी आठवण करा.